दुर्बिणीतला ढग

चांगला फोटो यावा म्हणून माणसं काय काय करतात. मी मात्र त्या सकाळी फोटो बिघडावा म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. धुरकट येऊ दे, मधोमध डाग पडू दे, काहीही होऊ दे. फोटो बिघडला तर दोष दुर्बिणीचा ठरणार होता, आणि चांगला आला तर माझ्या नवऱ्याच्या डोळ्याचा.

आमचे हे घड्याळजी. खाली दुकान, वर घर, त्यावर गच्ची. दुकानात पुढे मी बसते. पट्टे बदलणं, सेल घालणं आणि गिऱ्हाईकाला गोड बोलून ‘उद्या या’ सांगणं ही माझी खाती. मागे काचेच्या आडोशाला हे बसतात, उजव्या डोळ्याला भिंग लावून आणि डावा डोळा मिटून. चाळीसेक वर्षं असंच चाललंय. लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, हा माणूस येता-जाता मला डोळा मारतोय. सुरुवातीला लाजले, मग वैतागले, मग कळलं की सवय आहे. भिंग नसलं तरी काही बारीक बघायचं झालं की यांचा डावा डोळा आपोआप मिटतो.

पक्ष्यांचं वेड मास्तरांनी लावलं. मास्तर म्हणजे यांचे शाळेपासूनचे मित्र. स्वतः शाळेत शिकवायचे, आणि रिटायर झाल्यापासून पोरांच्या ऐवजी पाखरांची हजेरी घेतात. त्यांच्या नादाने यांनी ती मोठी दुर्बीण घेतली. एका डोळ्याने बघायची, तीन पायांच्या स्टँडवर उभी करायची. हे लोक तिला स्कोप म्हणतात, मी सवत म्हणते. आमच्या गच्चीवरून लांबवर तलाव दिसतो. सुट्टीच्या दिवशी यांनी गच्चीवर जायचं, तिच्या डोळ्याला डोळा भिडवून तासन्‌तास उभं राहायचं आणि मी खालून जेवायला हाका मारायच्या, असा संसार.

थंडी सरता सरता एकदा जेवताना म्हणाले, “स्कोपमध्ये ढग आलाय.”

“कसला ढग?”

“मधोमध. बगळ्यावर रोखली की बगळ्याचं डोकंच गायब. कडेचं पाणी, गवत, सगळं स्वच्छ.”

मी म्हटलं, बरं झालं, आता तरी वेळेवर जेवाल. माझं तोंड म्हणजे असं.

मग दुकानात एक एक सुरू झालं. एक बाई घड्याळ परत घेऊन आल्या. आतला स्क्रू नीट बसलाच नव्हता. यांच्या हातून असं कधी होत नाही. बाईंनी काही म्हटलं नाही, पण यांचे कान लाल झाले. मग दिव्यावर खापर फुटलं. दिवा बदलला. मग भिंग जुनं झालं म्हणाले. नवीन आणलं. प्रत्येक वेळी थोडे दिवस ‘आता कसं लख्ख दिसतंय’ म्हणायचे आणि मग पुन्हा जमिनीवर गुडघे टेकून पडलेला स्क्रू शोधायचे. मी विचारलं, “म्हणजे भिंगातही ढग आणि स्कोपमध्येही ढग?”

“हवा दमट आहे. काचेला बुरशी धरते.”

दोन काचांना, एकाच वेळी, एकाच जागी? मी काही बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा समजावं की मी घाबरले आहे.

खरी भीती बसली ती मात्र वेगळ्याच गोष्टीने. तलावाच्या बाजूला पाण्याची उंच टाकी आहे, तिला लोखंडी शिडी आहे. हे स्कोपमधून बघत होते आणि सहज म्हणाले, “टाकीची शिडी वाकलीय का गं?” मी डोळा लावला. शिडी सरळ होती. सोटा ठेवल्यासारखी सरळ.

दुसऱ्याच दिवशी मी शेजारच्या चष्मेवाल्याला गाठलं. कोणाचं ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं. तो काच पुसत होता, त्याचा हात थांबला.

“मधोमध डाग आणि सरळ रेघ वाकडी? वहिनी, ज्याचं कोणाचं असेल त्याला आजच डॉक्टरकडे पाठवा. आतल्या पडद्याचं दुखणं दिसतंय. त्यात जेवढा उशीर तेवढं नुकसान, आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही.”

‘ज्याचं कोणाचं’ असं म्हणताना तो आमच्या दुकानाकडे बघत होता. शेजाऱ्यांपासून काही लपत नाही.

घरी येऊन मी यांना सरळ सांगितलं. झालं, वीज कडाडली. “माझ्या डोळ्याला काहीही झालेलं नाही! लांबून येणारी बस मला दिसते, भाजीतला केस मला दिसतो, तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते!” ते खरंच होतं. दोन्ही डोळे उघडे असले की यांना सगळं दिसायचं. ढग यायचा तो फक्त दुर्बिणीत आणि भिंगात. त्यामुळे त्यांचं म्हणणं खोडून काढायला मला जागाच मिळत नव्हती.

या रागाच्या तळाशी काय होतं ते मला ठाऊक होतं. यांना हे काम काकांनी शिकवलं. काकांची नजर गेली आणि मग ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. येणारे-जाणारे नुसतं मन राखायला त्यांच्या हातात घड्याळ द्यायचे. काका ते कानाला लावून मान हलवायचे आणि परत द्यायचे. ते मी पाहिलंय. हेही रोज बघत होते, आणि एकदाच मला म्हणाले होते, “माझ्यावर ती खुर्ची आली तर मला दारात बसवू नकोस.”

तरी मी सोडलं नाही. भांडण रोजचंच झालं. एकदा मी भडकून म्हटलं, “घड्याळ बंद पडलं की तुम्ही काय करता? एकेक भाग काढता, त्या जागी चांगला भाग घालता आणि बघता. दिवा बदललात, भिंग बदललंत. मग आता डोळाही बदलून बघा!”

मला वाटलं, जरा जास्तच लागलं. पण यांचा चेहरा एकदम उजळला.

“बरोबर आहे तुझं. डोळा बदलून बघायचा. तुझा तो छोटा कॅमेरा कुठे आहे?”

लेकीने मला दिलेला, खिशात मावेल एवढा कॅमेरा. तो स्कोपला डोळ्याच्या जागी लावून लांबच्या पक्ष्यांचे फोटो काढता येतात, असं मास्तर कधीचे सांगत होते. कॅमेऱ्याला ना वय, ना काका. फोटोत ढग आला तर दोष स्कोपचा. नाही आला तर...

“नाही आला तर त्याच दिवशी डॉक्टर,” मी म्हटलं. “वचन द्या.”

“दिलं. पण ढग आला, तर मास्तर उद्या मोठ्या गावाला जातोय, स्कोप त्याच्याबरोबर दुरुस्तीला जाईल. आणि ती परत येईपर्यंत तू माझ्या डोळ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाहीस.”

तिथल्या दुरुस्तीवाल्याकडून वस्तू सहा-सहा महिने परत येत नाही, हे मला माहीत होतं. पण मीही हो म्हटलं. मनातून मला खरंच वाटत होतं, असेल बाई, दुर्बिणीतच असेल.

त्या सकाळी हे उजाडताच गच्चीवर. कॅमेरा स्कोपला बसवायला यांनी एका बरणीच्या झाकणाला गोल भोक पाडलं होतं आणि आतून भिंतीवरच्या घड्याळाची रबरी चकती चिकटवली होती. कॅमेऱ्याचं नळकांडं त्यात असं फिट बसलं की जणू दोघं एकाच कारखान्यातून आलेत. त्या आनंदात हे शीळ घालत होते. मी बाजूला उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

आधी टाकीवर नेम धरला. पहिला फोटो आला आणि माझा जीव भांड्यात पडला. सगळा पडदा काळाकुट्ट, मधे रुपयाएवढं गोल चित्र.

“बघा, आला ना अंधार!”

“हा कडेचा अंधार गं. ढग मधोमध असतो. हे मास्तरने सांगितलंय, कॅमेऱ्याने जरा जवळ ओढायचं की जातो.” आणि त्यांनी बटण दाबून चित्र जवळ ओढलं. काळं कडं बाहेर सरकत सरकत गेलं.

दुसरा फोटो पार हललेला. टाकीला तीन-तीन शिड्या. मी मनात म्हटलं, असू दे, असाच असू दे. पण हे कसले ऐकतात! “बटण दाबताना बोटाने धक्का बसतो,” म्हणून कॅमेऱ्यालाच दोन सेकंद थांबून आपोआप फोटो काढायला लावला. तरी वारा होता. मग खाली जाऊन जुन्या घड्याळाचं लोखंडी वजन आणलं आणि स्टँडच्या मधे लटकवलं. सवत हलायची बंद झाली.

“अहो, पुरे ना आता. ठीक आहे की हा फोटो.”

“हा फोटो ठीक? तुला हा ठीक दिसतो?” आणि पुन्हा मान खाली घालून चित्र स्पष्ट करायची स्कोपची चकती केसाएवढी फिरवायला लागले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. चांगला फोटो येणं म्हणजे काय, हे ते विसरूनच गेले होते. काम हातात आलं की ते नीटच करायचं, एवढंच त्या माणसाला कळतं. आपल्याच पायावर एवढं मन लावून धोंडा पाडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रडावं की कपाळावर हात मारावा ते मला कळेना. टाकीचा पुढचा फोटो आला त्यात शिडीची एक एक पायरी वेगळी दिसत होती. सरळ. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नजर काढून घेतली.

“कुठे दिसतोय का ढग?” मी विचारलं.

“एवढ्याशा पडद्यावर, या उन्हात काय कळणार? आधी बगळा येऊ दे. त्याचा नीट फोटो काढू आणि मग काचेखाली बघू.”

बगळा आला. राखी, उंच, पाय दुमडत उतरला आणि तलावातल्या वाळक्या खोडावर उभा राहिला. बगळ्याचं एक बरं असतं, ध्यान लावून बसला की हलत नाही. यांनी नेम धरला, चकती फिरवली, बटण दाबलं आणि हात मागे घेऊन श्वास रोखला. मीही रोखला. कॅमेरा टिकटिकला आणि फोटो निघाला.

यांनी कॅमेरा अलगद सोडवला, उन्हाचा त्रास नको म्हणून डोक्यावरून काळं फडकं घेतलं आणि आत बघू लागले. मी खाली वाकून त्यांचा चेहरा बघत होते. आधी तो खुलला, काम जमलं म्हणून. आणि मग त्यांना आठवलं. चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

“चांगला आलाय,” ते पुटपुटले. “सगळा बगळा दिसतोय.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात ते म्हणाले, “थांब. उघड्या डोळ्यांनी कधी दोष सापडतो का? काचेखाली घेऊ.” आणि खिशातून भिंग काढून त्यांनी उजव्या डोळ्याला लावलं. डावा डोळा मिटला.

आणि मग फडक्यातून जी आरोळी आली, ती ऐकून खालच्या गल्लीतल्या माणसाने वर पाहिलं.

“आहे! अगं, आहे! ढग आहे! मधोमध, अगदी तिथल्या तिथे! बगळ्याला डोकंच नाही!”

फडकं बाजूला फेकून ते उभे राहिले. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. एवढे खूश मी त्यांना लेकीच्या जन्मानंतर पाहिले नव्हते. कॅमेरा आणि भिंग माझ्या हातात कोंबून त्यांनी फोन लावला. “अरे मास्तर, स्कोपच! स्कोपच निघाली बदमाश! उद्या घेऊन जा तिला.”

ते बोलत होते तोवर मी फडक्याखाली गेले आणि भिंगातून पाहिलं. बगळ्याला डोकं होतं. पिवळा डोळा होता, डोळ्यावर भुवईसारखी काळी रेघ होती, ती मागे जाऊन तिची बारीक शेंडी झाली होती. मानेवरचे ठिपके मोजता आले असते. ढग कुठे नव्हता. नसणारच. फोटो ज्या डोळ्याने बघायचा, तो तर बदललाच नव्हता.

“बघितलंस?” फोन ठेवत त्यांनी विचारलं.

“बघितलं.”

“आता तरी पटलं ना? जा, चहा टाक. आज जरा बरं वाटतंय.”

मी खाली स्वयंपाकघरात आले आणि गॅससमोर नुसती उभी राहिले. नाही सांगितलं तर काय होईल? स्कोप जाईल, सहा महिने शांततेत जातील, हा माणूस शीळ घालत राहील. आणि ढग वाढत राहील. आता पक्षी गिळतोय, मग काटा गिळेल, मग आकडे. मला चष्मेवाल्याचा थांबलेला हात दिसायला लागला. सांगायलाच हवं होतं. पण निदान चहा तरी पिऊ दे, असं वाटलं. एवढा एक कप सुखाने पिऊ दे.

चहा घेऊन वर गेले. हे कठड्याला टेकून बसले होते. घोट घेऊन म्हणाले, “आज साखर कशी काय? रोज तर चिमूटभरही देत नाहीस.”

“पडली चुकून.”

“अशी चुकत जा,” म्हणाले आणि हसले. मी त्यांना शेवटचा घोट घेऊ दिला. कप खाली ठेवल्याचा आवाज झाला तेव्हा मी म्हटलं, “अहो, फोटोत ढग नाही.”

“काय नाही? आत्ता मी पाहिला.”

“कशाने पाहिलात?”

“भिंगाने.”

“भिंगाला काय लावलं होतंत?”

त्यांचा हात उजव्या डोळ्याकडे गेला. मग म्हणाले, “भिंग खराब असेल.”

“नवीन आहे. तुम्हीच आणलंत. मी त्याच भिंगातून पाहिलं.”

“तुला काय कळतंय त्यातलं? पट्टे बदलणारी तू!”

“हो, मी पट्टेच बदलते!” माझा आवाज चढला आणि फाटलाही. “पण मला बगळ्याचा डोळा दिसला. पिवळा आहे. त्यावर काळी रेघ आहे. तुम्हाला दिसला का? सांगा ना! मला काय हौस आहे का हे बोलायची? सकाळपासून मी फोटो बिघडू दे म्हणून झुरतेय, आणि तुम्ही बसलात तो चांगला करत!”

मी रडायला लागले. ते माझ्याकडे बघत राहिले, दोन्ही डोळ्यांनी.

“डाव्याने बघा,” मी म्हटलं. “त्याच भिंगातून, तोच फोटो. डाव्याने ढग दिसला तर मी आयुष्यभर गप्प बसेन.”

“डाव्याने मला येत नाही.”

“येत नाही म्हणजे?”

“खरंच येत नाही गं.” आवाज एकदम लहान झाला. त्यांनी भिंग डाव्या डोळ्याकडे नेलं आणि उजवा मिटायला गेले. दोन्ही मिटले. पुन्हा प्रयत्न केला. गाल वर गेला, ओठ वाकडा झाला, आणि पुन्हा दोन्ही डोळे मिटले. एवढ्या वर्षांत उजवा डोळा एकटा मिटायची वेळच आली नव्हती. एरवी मी हसून लोळले असते.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. त्यांनी भिंग डाव्याला लावलं. कॅमेरा मी दुसऱ्या हाताने धरला.

त्यांनी भिंग जरा मागेपुढे केलं. मग म्हणाले, “पिवळा आहे.”

“हो.”

“बगळा आहे का अजून खोडावर?”

होता. हात न काढता मी त्यांना उठवलं. आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे आम्ही दोघं स्कोपपाशी गेलो. बरणीचं झाकण काढून त्यांनी डावा डोळा लावला. चाचपडले, मान तिरकी केली, चकती फिरवली. माझ्या तळहाताखाली त्यांची उजवी पापणी सारखी फडफडत होती, उघडायला बघत होती.

“डोकं आहे त्याला,” ते म्हणाले.

माझा तळहात ओला झाला. उजव्या डोळ्याचं ते पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

“चहाच्या आधीच तुला कळलं होतं,” ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. “बरं केलंस, पिऊ दिलास.”

“डॉक्टरांना फोन लावू?”

“लाव.” मी हात काढायला गेले तर त्यांनी तो वरून दाबून धरला. “हा राहू दे. दुसऱ्या हाताने लाव.”

मी दुसऱ्या हाताने फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. ते बगळ्याकडे बघत राहिले, आणि कोणी उचलेपर्यंत मी त्यांचा डोळा झाकून धरला.